नळीतलं कुंकू

आमच्या आबांना कुणी विचारलं, मुलं किती, तर ते म्हणायचे, "तीन. थोरली, मग पोरगा, मग ही." 'ही' म्हणजे मी. नवखा माणूस थोरलीची चौकशी करायला लागला, कुठं दिली, काय करते, की आबा खुशीत यायचे आणि लोखंडी कपाटाचं कुलूप काढायचे. आत थोरली उभी असायची. जुनी फौजी रायफल, माझ्या खांद्याएवढी उंच, एका वेळी एकच गोळी घेणारी. ट्रिगरच्या मागचा दांडा खाली ओढला की खटकन उघडायची आणि वर केला की मिटायची. पणजोबा फौजेत होते. त्यांच्या काळात ती लायसन्सवर आमच्या वडगाव रासाईच्या घरी आली आणि बापाकडून लेकाकडे उतरत आबांपर्यंत पोचली.

मला लहानपणी तिचा भयंकर राग यायचा. मी तापट आहे हे माहेरी वडगावात आणि सासरी भांडगावात, दोन्हीकडं मान्य आहे, आणि त्याची सुरुवात थोरलीपासून झाली असं माझं म्हणणं आहे. मला ताप आला तर आबा आईला हाक मारायचे. थोरलीवर गंजाचा ठिपका दिसला तर स्वतः उठायचे. गावात निवडणूक लागली की नियमाप्रमाणे ती शिरूरला ठाण्यात जमा करावी लागायची. आबा तिला घोंगडीत गुंडाळून एसटीत खिडकीजवळ बसवायचे आणि स्वतः कडेला बसायचे. कंडक्टर विचारायचा, "आबा, ह्यांचं तिकीट?" अख्खी एसटी हसायची, आबा सोडून.

खंडेनवमीला तर थोरलीचाच दिवस. अंगणात सगळी हत्यारं मांडली जायची. विळे, कोयते, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, नंतर नंतर ट्रॅक्टरसुद्धा. मधोमध पाटावर थोरली. आबा तिला हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे आणि शेवटी नळीच्या तोंडातून वाटीभर गोडेतेल आत सोडायचे. त्यावर चिमूटभर कुंकू. "पोटात गेलं पायजे," म्हणायचे, "नुसतं वरनं लावून काय उपेग?" त्यांचे वडीलही असंच करायचे. मी आरतीचं ताट धरून उभी असायची. पोरींनी थोरलीला हात लावायचा नाही, ही घरची रीत.

मग मी काय केलं? शिरूरला कॉलेजात गेल्यावर तिथल्या छोट्या रायफलीनं नेमबाजी शिकले आणि एक ढाल जिंकून आणली. आबांनी ढाल हातात घेतली, बोटानं वाजवून बघितली आणि थोरलीच्या कपाटावर ठेवली. आत नाही, वर.

खरी गंमत अशी, की माझ्या आठवणीत थोरलीनं कधी काही पाडलं नव्हतं. रानडुकरं आली की आबा आभाळाकडं तोंड करून एक बार काढायचे. आवाज आणि धूर दोन्ही जोरदार, त्यामुळं डुकरंही पळायची आणि शेजारचेही. पण नेम धरून मारलं तर गोळी कुठं जाईल हे देवालाच ठाऊक. गावात तिला 'आबांचा भोंगा' म्हणायचे, आबांच्या पाठीमागं.

आता आबांची नजर काचबिंदूनं गेली आहे. उजेड आणि अंधार एवढंच कळतं, माणूस आवाजावरून ओळखतात. अशा माणसाच्या नावावर रायफल राहणार कशी? ठाण्यातून सांगणं आलं, की दिवाळीच्या आत वारसाच्या नावासाठी अर्ज करा, नाहीतर कायमची जमा करा. जमा केलेल्या जुन्या रायफलींचं पुढं काय होतं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण आबांच्या मनात एकच चित्र होतं, गॅस कटरचं.

दादा, माझा मोठा भाऊ, गावच्या सोसायटीत चेअरमन आहे. तो म्हणाला, "जमा करून टाकू आबा. प्रत्येक इलेक्शनला कोण तिला शिरूरला नेणार? आन् तिच्यानं व्हतंय काय? नुसता ताप."

आम्ही जेवत होतो. आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"दौंडच्या माळावर रेंज हाय," ते म्हणाले. "तिथं लोखंडाची पाटी टांगल्याली असती. तिच्यावर थोरलीची गोळी वाजव. मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय. वाजली तर तुझ्या नावावं करतो. न्हाई वाजली तर मीच जाऊन जमा करतो. फुटकी म्हणून तर फुटकी म्हणून."

"आणि मी वाजवली तर?" मी विचारलं.

दादाला ठसकाच लागला. वहिनीनं त्याला पाणी दिलं. आबा माझ्या आवाजाच्या दिशेला वळले आणि म्हणाले, "वाजीव की. तुला कुणी धरलंय?"

एवढ्या वर्षांची रीत त्यांनी त्या दोन वाक्यांत मोडली आणि पुन्हा भाकरी चघळायला लागले. मला मात्र जेवण गेलं नाही. मला ती रायफल हवी होती. जिचा जन्मभर हेवा केला ती गॅस कटरखाली जाऊ द्यायला मी तयार नव्हते, आणि दादाच्या नावावर कपाटात कुजू द्यायलाही नाही.

पुण्यात परवाना असलेला एक म्हातारा कारागीर आहे, बंदुका दुरुस्त करणारा. आबांच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तोच पहिल्यापासून भरून द्यायचा. त्याच्याकडून थोड्या भरून आणल्या आणि आम्ही रेंजवर गेलो. रीतसर, आबा हजर, लायसन्स हजर. रेंज बघणारे एक निवृत्त सुभेदार आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पाटीच्या अलीकडं एक मोठा कागद लावला, गोळी कुठून जाते ते कळावं म्हणून. मागं मातीचा उंच बांध. आबांना लिंबाखाली खुर्ची दिली.

दादानं पहिल्यांदा मारलं. धुराचा लोट उठला आणि बांधावर पार डावीकडं माती उडाली. पुन्हा मारलं, उजवीकडं उडाली. मग मी. मला वाटलं होतं ढाल जिंकलेल्या हाताला जमेल. माझी गोळी पाटीच्या पुढ्यातच जमिनीत गेली, आणि पुढची कागदातून गेली खरी, पण कागदाला भोक पडलं नाही, फाडल्यासारखी लांब चीर पडली. नेम धरायच्या शेजारच्या फळीवर दौंडची कॉलेजची पोरं सरावाला आली होती. ती तोंडावर हात ठेवून हसत होती. मी त्यांच्याकडं असं बघितलं, की त्यांनी एकदम हात खाली घेतले.

मामांनी तो कागद काढून आणला. "ताई, गोळी आडवी होतीया," ते म्हणाले. "गरागरा फिरत सरळ गेली पाहिजे, ही कोलांट्या मारत चाललीया. नळी तिला धरतच नाही."

आबा लिंबाखाली मान खाली घालून बसले होते. त्यांना फक्त माती उडाल्याचा धप्प आवाज ऐकू आला होता, एकामागून एक. गाडीत बसताना म्हणाले, "खंडेनवमीच्या आधी आणखी एकडाव येऊ. मग बास." दादानं रस्त्यात एकही टोमणा मारला नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी भांडगावची फुलं, आमचं जरबेराचं पॉलिहाऊस, नवऱ्यावर सोपवली आणि मी वडगावला जाऊन थोरलीसमोर बसले. आबा पलीकडं बाजेवर. नळीत गरम साबणाचं पाणी सोडलं, काठीला चिंधी गुंडाळली आणि घासायला लागले. पहिली चिंधी काळी आली, ते ठीक. दुसरीही काळी. मग चिंधी अडकायला लागली. जोर लावला, ओढली, आणि बघते तर चिंधी लाल.

मला आधी वाटलं गंज. पण गंज असा चिकट नसतो. तेल आटून त्याचा राळेसारखा थर झाला होता आणि त्या थरात कुंकू बसलं होतं, वर्षावर्षाचं. नळीच्या आतल्या आट्या, ज्यांनी गोळीला फिरवायचं, त्या पार बुजून गेल्या होत्या. मी हसू का रडू ते मला कळेना. आबांना काय सांगायचं तेही कळेना. जन्मभर ज्या माणसानं इतक्या भक्तीनं पूजा केली, त्याला कसं म्हणायचं, की आबा, पूजेनंच घात केला?

मला म्हणावं लागलंच नाही. आबांनी बाजेवरून नाक वर केलं.

"ह्यो वास कशाचा?" ते म्हणाले. "देव्हाऱ्यातला वास हाय ह्यो."

त्यांनी हात पुढं केला. मी चिंधी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चोळली, हुंगली, पुन्हा चोळली.

"म्हंजी मीच बोळा कोंबला व्हय तिच्या नरड्यात?"

"एकट्यानं नाही," मी म्हणाले. "तुमच्या वडिलांनीही कोंबला."

आबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि वहिनी आतून धावत आली, की झालं काय. मला त्या क्षणी आबा इतके आवडले, की मी उठून त्यांच्या डोक्यावरची टोपी सरळ केली.

थर निघाला. पण खाली नळी झिजलेली निघाली. तिच्या जुन्या साच्यात ओतलेली शिशाची गोळी आता तिला सैल व्हायची. कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "अहो ताई, ह्या रायफलीची गोळी मुळात कागदात गुंडाळूनच यायची. कागद नळी भरतो, शिशाला धरतो आणि बाहेर पडल्यावर फाटून जातो. हल्ली कुणी एवढा खटाटोप करत नाही, म्हणून मी तुम्हाला उघडीच देत होतो. गुंडाळून आणा, पुढचं मी बघतो."

खटाटोपाला मी भीत नाही. ठाण्यात आणि मामांना विचारून घेतलं आणि कामाला लागले. थोरलीचा साचा कारागिराकडून आणला. शिसं मऊ लागतं. ते भीमेवरच्या भोयांकडं मिळालं, त्यांच्या जुन्या जाळ्यांना लावलेली शिशाची वजनं. अंगणात उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून चूल मांडली. पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, कारण साचा थंड होता. साचा तापवला तर गोळ्या आत चिकटून बसायला लागल्या. मग काजळ धरतात तसा साचा दिव्याच्या ज्योतीवर धरला. काजळी बसली आणि गोळी अलगद बाहेर पडली, आरशासारखी. मी ती आबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटानं फिरवून बघितली आणि म्हणाले, "गुळगुळीत हाय. थोरलीला आवडंल."

कागदानं मात्र माझा जीव खाल्ला. वर्तमानपत्राचा ओला होताच फाटला. पतंगाचा गळून पडला. लग्नपत्रिकेच्या आतला पातळ कागद बघितला, त्याचा नुसता लगदा झाला. वहीचा एवढा जाड, की गोळी नळीत शिरेना. दादा येताजाता बघायचा आणि विचारायचा, "काय, बिड्या वळतीस का?" मी त्याला चुलीतलं लाकूड दाखवायचे.

शेवटी सुचलं, शिरूरच्या कोर्टाबाहेर टायपिंग करणारे बसतात. पूर्वी कार्बन लावून प्रती काढायचे तेव्हा एक पातळ, कुरकुरीत कागद वापरायचे, पातळ असून चिवट. तिथले सगळे आता कॉम्प्युटरवर आले आहेत, पण एका म्हाताऱ्याकडं त्या कागदाचं जुनं बंडल टेबलाखाली पडून होतं. त्यानं विचारलं, "काय, खरेदीखत करायचंय?"

"नाही. गोळीला गुंडाळायचाय."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, बंडल माझ्यापुढं सरकवलं आणि आणखी एकही प्रश्न विचारला नाही.

हा कागद पाण्यात भिजवला तरी हातात राहिला. गोळीभोवती दोन वेढे, कडा एकमेकींवर न चढता नुसत्या टेकल्या पाहिजेत, आणि खालचं टोक पिळून आत मुडपायचं. दादाला बिडी वाटत असेल, पण ते काम वातीचं होतं. फुलवात वळताना दोन बोटांत जो हलका पीळ देतात तोच. लहानपणापासून हजारो वाती वळल्या तेव्हा कुणी मला सांगितलं नव्हतं, की ही बोटं नेमबाजीची तयारी करताहेत. वाळल्यावर कागद गोळीवर असा ताणून बसला, की टोपल्यात ठेवलेल्या त्या पांढऱ्या गोळ्या बघून माझी मलाच दृष्ट लागेल असं वाटलं.

कारागिरानं त्या पुंगळ्यांत भरून दिल्या आणि खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी आम्ही पुन्हा दौंडच्या माळावर. त्याच लिंबाखाली आबा, त्याच फळीवर ती कॉलेजची पोरं. दादाला मी म्हणाले, आधी तू मार. तो म्हणाला, "नगं. तू केलंयस, तूच मार." बोलला आणि आबांच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला.

मी वाळूच्या पिशवीवर थोरली टेकवली. गाल लाकडाला लावला. तेव्हा लक्षात आलं, की माझा गाल जिथं टेकला होता तिथं लाकडाला एक खळगा आहे. आबांच्या गालाचा, त्यांच्या वडिलांच्या गालाचा, पणजोबांच्या. तो माझ्याही गालाला बरोबर बसत होता.

पहिला बार. खांद्याला लाथ बसली, धूर पसरला आणि बांधावर माती उडाली, पाटीच्या जरा वर, पण बरोबर मधोमध. आबांना धप्प ऐकू आलं. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, बघायची हिंमत नव्हती. मामा मात्र पुढं जाऊन जमिनीवर वाकले. धुराखाली पांढरे बारीक तुकडे पडले होते, लग्नात अक्षता पडतात तसे. त्यांनी दोन उचलून आणले आणि माझ्यासमोर धरले. कागद आट्यांच्या रेषांवर पट्ट्यापट्ट्यांनी कापला गेला होता.

"धरलं तिनं," मामा म्हणाले. "ताई, तिनं गोळी धरली. आता फक्त जरा खाली घ्या."

मी पुंगळी बदलली. दांडा वर केला, खटकन मिटला. श्वास अर्धा सोडला. पाटी माशीसारखी नेमाच्या टोकावर बसली होती. बोट मागं घेतलं.

धूर. सगळा धूर. मला काहीच दिसेना. माती उडाली का नाही तेही कळेना. आणि मग, मी आशा सोडते न सोडते तोच, माळाच्या त्या टोकाकडून आवाज आला. ठण्ण. देवळातल्या घंटेसारखा मऊ नाही, नांगराच्या फाळावर घण बसावा तसा. तो माळावरून आमच्याकडं आला आणि आमच्यावरून पलीकडं गेला.

आबा खुर्चीतून उठून उभे होते. हातातली काठी पडली होती.

"परत वाजीव," ते म्हणाले.

मी परत वाजवली. ठण्ण.

"परत!"

परत वाजवली. कॉलेजची पोरं आता टाळ्या वाजवत होती, आणि शिट्ट्या, आणि मोबाईल काढून चित्रीकरण. मामा ओरडत होते, "रेषेच्या मागं, सगळे रेषेच्या मागं!" आणि दादा, आमचे चेअरमनसाहेब, आबांना मिठी मारून लहान पोरासारखे नाचत होते. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मी थोरली रिकामी करून फळीवर ठेवली आणि दादाला विचारलं, "काय चेअरमन, भोंगा कसा वाजला?" त्यानं कोपरापासून हात जोडले. पुढचा महिनाभर शिरूर तालुक्यात असा माणूस उरला नाही ज्याला त्यानं ती गोष्ट सांगितली नसेल, आणि प्रत्येक वेळी पाटी थोडी लांब जात होती.

लायसन्स माझ्या नावावर करायचा अर्ज आबांनी स्वतः शिरूरला जाऊन दिला. अंगठा नाही, सही केली, अंदाजानं. थोरली घरी कपाटातच होती, परत येताना एसटीत तिच्या जागेवर खिडकीजवळ मी बसले होते आणि आबा कडेला.

मग खंडेनवमी आली. अंगणात विळे, कोयते, पंप, ट्रॅक्टर, मधोमध पाटावर थोरली. मी सवयीनं आरतीचं ताट धरून उभी. आबांनी चाचपत तिच्या लाकडाला हळदकुंकू लावलं, माळ घातली, आणि सवयीनंच त्यांचा हात नळीच्या तोंडाकडं गेला. चिमटीत कुंकू होतं. मी बोलणार एवढ्यात त्यांनीच हात थांबवला. चिमूट तशीच हवेत.

"हितं लावायचं न्हाई म्हणतीस," ते म्हणाले. "मंग कुठं लावू? हत्याराला तर लावलंच पायजे."

आबा वळले.

"ताट दादाकडं दे. उजवा हात आण."

मी हात दिला. त्यांनी माझी बोटं एकेक चाचपली, ट्रिगरचं बोट शोधून काढलं आणि ते कुंकू त्याला लावलं. नुसतं टेकवलं नाही. पेरापेरात चोळलं, चांगलं आतपर्यंत जाईल असं.

"पुसू नगंस," ते म्हणाले.

दुपारी पुरणपोळी मी डाव्या हातानं खाल्ली. वहिनी खूप ओरडली, पण मी उजवा हात संध्याकाळपर्यंत धुतला नाही.